आठ पॉइंट सहा

३ सप्टेंबर

मॅडम,

आधी वर ‘आदरणीय’ लिहिलं होतं. मग तो कागद बाजूला ठेवला आणि नवा घेतला. रागाने नाही. तो शब्द आज लिहिताना खोटं वाटत होतं, आणि जे दिसत नाही ते लिहायचं नाही, हे मी तुमच्याकडूनच शिकले.

तुम्हाला तीन ईमेल पाठवले, दोनदा फोन केला. तुम्ही नव्या कामात असाल. व्हर्च्युअल लॅबचं नवीन केंद्र, नवीन शहर, त्यात संचालक म्हणजे माणसं सतत दाराशी. लॅबकाकांनी तुमची पुस्तकांची खोकी पाठवली होती, त्यांच्याकडे तुमचा पत्ता होता. तो देताना म्हणाले, “पत्र लिहितेस? लिही. कागद आला की माणसाला निदान हातात तरी धरावा लागतो.”

आपला अहवाल छापून आला. ‘प्रथम वर्षाच्या रसायनशास्त्रात व्हर्च्युअल लॅब : एक तुलनात्मक अभ्यास’. निळं चकचकीत मुखपृष्ठ, आत चाळीस पानं. मी एक प्रत घरी नेली. आमच्या घरात कुणाचं नाव कधी छापून आलेलं नाही. खरं म्हणजे माझ्याआधी कुणी शाळेतच गेलेलं नाही. बाबांनी हात धुतले, पंच्याने पुसले आणि मगच प्रत घेतली. बोट ठेवून विचारलं, “हे तुझं?”

“नाही बाबा, ते मॅडमचं. खालचं माझं.”

“मग बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “त्यांनी शिकवलं, त्या वर.” मग मुखपृष्ठावरून अंगठा फिरवला. बाबा घरं रंगवतात, त्यांना प्रत्येक गोष्टीत रंगच दिसतो. “निळा चांगला बसलाय. दोन हात मारलेत.” आईने ती प्रत देवासमोर ठेवू का विचारलं. मी म्हटलं, नको, अजून वाचायची आहे.

अडतिसाव्या पानावर तळाला बारीक अक्षरात एक टीप आहे. ती तुम्हाला पाठ असेल, तरी उतरवते : ‘प्रात्यक्षिक परीक्षेसाठीचे द्रावण बनवताना डेमॉन्स्ट्रेटरकडून चूक झाल्याने त्या परीक्षेचे निकाल निरुपयोगी ठरले व ते विचारात घेतलेले नाहीत.’

चूक माझ्याकडून झाली, हे खरं आहे. पण निकाल निरुपयोगी ठरले नव्हते, मॅडम. तुम्हाला माहीत आहे.

अहवालावर सही मीही केली आहे. तुम्ही फोनवर म्हणाला होतात, “आता वाचत बसू नकोस, आज पाठवायचंय, शेवटच्या पानावर सही करून दे.” मी सही करून दिली. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते.

मला एकच गोष्ट हवी आहे. हेड सरांना चार ओळी लिहा, की ती चूक मी त्याच संध्याकाळी तुम्हाला येऊन सांगितली आणि तुम्ही मुलांचे कागद स्वतः पाहिले. बाकी काही नको.

तुमची विद्यार्थिनी


११ सप्टेंबर

मॅडम,

उत्तर आलं नाही. कदाचित तुम्हाला तो दिवस नीट आठवत नसेल. आधी मला भीती वाटली, की तुम्ही मुद्दाम गप्प आहात. मग वाटलं की तुम्ही खरंच विसरला असाल. म्हणून सगळं क्रमाने लिहिते. कुठे चुकले तर सांगा, मी दुरुस्त करीन.

प्रथम वर्षाची ऐंशी मुलं. चाळीस जणांनी सहा महिने नेहमीच्या लॅबमध्ये टायट्रेशन केलं : उभ्या काचेच्या नळीतून, म्हणजे ब्यूरेटमधून, खालच्या फ्लास्कमधल्या आम्लात थेंब थेंब अल्कली सोडायची आणि रंग फिका गुलाबी झाला की थांबून नळीवरचा आकडा वाचायचा. उरलेल्या चाळिसांनी तेच संगणकावर केलं. तिथे माउसने तोटी फिरते, थेंब पडतात, गुलाबी होतो आणि बरोबर थांबलं की हिरवी खूण येते.

मी व्हर्च्युअल लॅबच्या विरोधात नव्हते. आजही नाही. एक मुलगी सकाळी दुकानात काम करून यायची, तिचं प्रॅक्टिकल नेहमी बुडायचं. तिने संगणकावर घरी बसून तो प्रयोग सतरा वेळा केला. लेखी परीक्षेत संगणकवाल्या मुलांना जास्त गुण मिळाले, हेही खरं आहे. ते पेपर मीच तपासले.

मग प्रात्यक्षिक परीक्षा. ऐंशी जणांची, खऱ्या लॅबमध्ये. संगणकवाल्यांचा हात बसावा म्हणून आधी एक दिवस त्यांना खरी ब्यूरेट दिली होती. आदल्या दिवशी मी आम्ल बनवलं. आम्लाची नवी बाटली कपाटाच्या वरच्या फळीवर होती, शिडी कुणीतरी दुसऱ्या विभागात नेलेली. मी खालची जुनी बाटली घेतली. तिचं बूच सैल होतं, म्हणजे आतलं आम्ल उडून उडून कमजोर झालेलं असणार, हे मला कळायला हवं होतं. कळलं नाही. आणि तयार द्रावण परीक्षेआधी तपासून बघायचं असतं, ते मी केलं नाही. काका म्हणाले होते, “एकदा बघून घे गं.” मी म्हटलं, “काका, सहा वर्षं हेच करतेय.” सहा वर्षांत एकदाच असं म्हटलं.

परीक्षा झाली. लॅबवाल्या चाळिसांपैकी सदतीस जणांचे आकडे आले आठ पॉइंट पाच, आठ पॉइंट सहा, आठ पॉइंट सात. नेहमी नऊ पॉइंट आठच्या आसपास यायला हवं. मी स्वतः टायट्रेशन करून पाहिलं : आठ पॉइंट सहा. म्हणजे आम्ल कमजोर होतं, मुलं बरोबर होती आणि मी चुकले होते.

मग मी संगणकवाल्यांचे कागद काढले. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. नऊ पॉइंट आठ. चाळिसांपैकी एकतीस जणांनी जो आकडा त्या टेबलावर कुणालाच येणं शक्य नव्हतं, तोच लिहिला होता. संगणकावर प्रत्येक वेळी तोच येतो. चाचणीची आवृत्ती होती, ती बनवणाऱ्या कंपनीने एकच आकडा भरलेला होता.

काका माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “म्हणजे तू द्रावण चुकलीस म्हणून पोरं पकडली गेली?”

“हो काका.”

“मग तुला बक्षीस द्यायचं की मेमो?”

मी तशीच तुमच्या खोलीत आले. रडत होते, ते तुम्हाला आठवेल. चूक मी आधी सांगितली, कागद नंतर दाखवले. तुम्ही खुर्चीवरून उठून टेबलाच्या या बाजूला आलात. दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवून तुम्ही एकेक कागद पाहिलात, पाऊण तास तरी. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, “बाळ, ही चूक म्हणजे सोनं आहे. मुद्दाम करायची म्हटली तरी आपल्याला सुचली नसती. हे अहवालात सगळ्यात आधी जाणार.”

त्या दिवशी मी घरी चालत गेले. बसमध्ये बसवलंच नसतं इतका आनंद झाला होता.

हे सगळं असंच झालं ना?

तुमची विद्यार्थिनी


१९ सप्टेंबर

मॅडम,

तुमचा मेसेज आला. ‘पत्रं मिळाली. इतकी भावनिक होऊ नकोस. हेड देतील त्यावर सही करून टाक. तुझ्याच भल्याचं आहे.’ चार वाक्यं आणि त्यात त्या संध्याकाळबद्दल एक अक्षरही नाही. मी मेसेज उलटसुलट वाचला, की कुठे तरी असेल.

हेड सरांनी सोमवारी बोलावलं. पंख्याखाली कागद उडू नयेत म्हणून त्यांनी त्यांच्यावर चष्म्याचं घर ठेवलं होतं. म्हणाले, “बस. घाबरण्यासारखं काही नाही.” हेड सर असं म्हणाले की घाबरायचं असतं, हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्या वर्षाची लॅब बंद झालीच आहे. आता दुसऱ्या वर्षाची बंद करायचा प्रस्ताव आहे. सव्वीस तारखेला समितीची बैठक. टेबलं काढायची, बेसिनं काढायची, तिथे चाळीस संगणक लावायचे. लॅबकाकांना भांडारात पाठवणार. निवृत्तीला तीन वर्षं राहिलेला माणूस आता फायलींची खोकी मोजणार. हे सगळं आपल्या अहवालाच्या आधारावर. समितीतल्या एका बाईंनी विचारलं म्हणे, की संगणकवाली मुलं खऱ्या टेबलावर कशी वागली याबद्दल अहवालात काहीच कसं नाही? म्हणून माझ्याकडून एक निवेदन हवं आहे. टाइप करून तयारच होतं : द्रावण माझ्या हलगर्जीपणामुळे बिघडलं, आणि त्या कागदांवरून कोणताही निष्कर्ष काढता येणार नाही.

मी म्हटलं, “सर, पहिलं वाक्य खरं आहे. दुसरं नाही.”

“म्हणजे?”

मी सांगितलं. दोन गठ्ठे, एकतीस जण, तुम्ही पाऊण तास पाहिलेले कागद. सर ऐकून घेत होते. मग त्यांनी ड्रॉवरमधून तुमचं पत्र काढून माझ्यासमोर सरकवलं.

मॅडम, तुमचं अक्षर मी कुठेही ओळखते. तुम्ही लिहिलं आहे की द्रावणातली चूक मी तुम्हाला अहवाल पाठवायच्या आदल्या दिवशी सांगितली, तोपर्यंत लपवून ठेवली, आणि कागद तुम्ही पाहिलेलेच नाहीत. पुढे लिहिलं आहे : ‘ती प्रामाणिक आहे पण घरची पार्श्वभूमी लक्षात घेता दडपणाखाली गोंधळते. तिच्यावर कारवाई करू नये अशी माझी विनंती आहे.’

घरची पार्श्वभूमी.

आमच्या घरी तुम्ही आला होतात. आईने तुम्हाला एकुलती एक खुर्ची दिली आणि तुम्ही ती नाकारून जमिनीवर बसलात. आई आजही ते शेजारणींना सांगते. बाबा एक खोली रंगवतात तेव्हा भिंत ओली असली तर मालकाला आधी सांगतात, काम गेलं तरी. या पार्श्वभूमीतून मी आले. तिच्यात गोंधळण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही.

“सर, हे खरं नाही,” मी म्हटलं.

“तू म्हणतेस. बाई वेगळं म्हणतात. त्या बावीस वर्षं इथे होत्या.” मग आवाज खाली आणून : “हे बघ, डिसेंबरमध्ये तुझ्या नेमणुकीचं नूतनीकरण माझ्याच टेबलावर येणार आहे. सही कर आणि विषय संपव. अगं, तू अहवालावर सही केलीसच की. तेव्हा काही बोलली नाहीस.”

“तेव्हा घाई होती. मॅडम म्हणाल्या वाचत बसू नकोस.”

“न वाचता सही केलीस?”

मी मान खाली घातली. हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

सव्वीसपर्यंत मुदत आहे.


२३ सप्टेंबर

मॅडम,

आज जे कळलं ते तुम्हाला लिहिल्याशिवाय राहवत नाही. सवय आहे. काही दिसलं की तुमच्याकडे पळत यायची सवय सहा वर्षांची आहे, तीन आठवड्यांत जात नाही.

सकाळी दुसऱ्या वर्षाची बॅच होती. मी ब्यूरेटी तपासत होते. ती दुकानात काम करणारी मुलगी, सतरा वेळा प्रयोग केलेली, माझ्या टेबलाशी घुटमळत होती. मुलांनी मला ठेवलेलं नाव तुम्हाला माहीत आहे. तिच्या तोंडून तेच आधी निघालं.

“थेंबताई... सॉरी, मॅडम. एक विचारू? ते प्रात्यक्षिक आमच्यामुळे रद्द झालं का?”

“तुमच्यामुळे कशाला? द्रावण मी चुकवलं होतं.”

“हां, म्हणजे म्हणूनच.” तिने इकडे तिकडे बघितलं. “मला आठ पॉइंट सहाच आलं होतं.”

माझ्या हातातलं फनेल बेसिनमध्ये पडलं. फुटलं नाही.

“मग तू नऊ पॉइंट आठ लिहिलंस. तुझा कागद मी पाहिलाय.”

“हो ना. आधी आठ सहा आलं. मला वाटलं हात चुकला. परत केलं, परत आठ सहा. मग म्हटलं, कॉम्प्युटरवर सतरा वेळा नऊ आठला हिरवी खूण आली, तो काय खोटं बोलणार आहे? मीच काहीतरी गाढवपणा करत असणार. मग तेच लिहिलं.”

मी तिच्यावर ओरडले नाही. मी फक्त विचारलं, “डोळ्यांनी दिसत होतं ना?”

“दिसत होतं. पण मॅडम, डोळ्यांना कोण मार्क देतं?”

मधल्या सुट्टीत मी त्या एकतीस जणांपैकी जे भेटले त्यांना विचारलं. सात जण भेटले. पाच जणांनी हेच सांगितलं. एकाने सांगितलं की त्याने ब्यूरेटकडे बघितलंच नव्हतं. एक म्हणाला, आता आठवत नाही. मी सगळं वहीत लिहून घेतलं, आठवत नाही म्हणणाराही.

काका बाटल्या पुसत होते. त्यांना सांगितलं तेव्हा ते हसायला लागले. “म्हणजे पोरं आंधळी नव्हती. नुसती आज्ञाधारक होती.”

तासाभराने मी स्टोअरमध्ये जाऊन दार लावून बसले, आणि आता ते लिहिते जे मी पहिल्या पत्रात लिहिलं नाही, दुसऱ्यात नाही, हेड सरांनाही सांगितलं नाही.

तुमचा मसुदा मी वाचला होता.

तुम्ही म्हणालात वाचत बसू नकोस, आणि तुम्हाला वाटलं असेल की मी नेहमीसारखं ऐकलं. पण मी न वाचता कशावर सही करत नाही. बसच्या पासावरही नाही. फाइल आली, मी विभागाच्या मशीनवर छापून घेतली आणि जिन्यात उभी राहून वाचली. अडतिसाव्या पानावरची टीप वाचली. जे पहिल्या पानावर जायचं होतं ते कुठेच नव्हतं. टीप परत वाचली. मग तिसऱ्यांदा वाचली. मला स्पष्ट दिसत होतं की हे खोटं आहे.

आणि मी स्वतःला काय सांगितलं ठाऊक आहे? मॅडम आहेत. बावीस वर्षं शिकवतायत. त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मलाच काहीतरी समजत नसणार. जिन्याच्या कठड्यावर कागद ठेवून मी सही केली.

त्या मुलीला मी काय बोलणार होते?

तुम्ही मला फसवलंत, हे मी कमी करत नाही. मी रडत येऊन कबूल केलेली चूक तुम्ही उचलली, आणि जे खरं त्या चुकीमुळे सापडलं होतं ते तिच्याच खाली गाडलंत. माझ्या जागी दुसरी कुणी असती, चूक लपवणारी, तर तुम्हाला हे करताच आलं नसतं. हा विचार मला सगळ्यात जास्त लागतो. पण तुम्ही मला फसवलंत तेव्हा मी पाहत होते.


२७ सप्टेंबर

मॅडम,

काल तुम्ही पडद्यावर होतात, म्हणून बैठकीत काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण तुमचा पडदा मध्येच बंद झाला आणि पुढचं तुम्ही ऐकलं नाही.

मला वाटलं नव्हतं तुम्ही येणार. पडद्यावर आधी तुमचं कपाळ दिसलं, मग तुम्ही कॅमेरा खाली केलात. तुमच्या मागे नवीन कपाटं होती. तुम्ही मला पाहून हसलात आणि सगळ्यांसमोर म्हणालात, “कशी आहेस बाळ? वाळलीस गं.” खरं सांगते, त्या एका क्षणी तुम्ही “सही कर” म्हणाला असतात तर मी केली असती. तुम्ही ते म्हणालात, पण हेड सरांकडे बघून : “तिला फार ताण आलाय. तिला बोलायला लावू नका, निवेदनावर सही घ्या आणि जाऊ द्या.”

माझ्याकडे न बघता म्हणालात म्हणून मला बोलता आलं.

मी चूक आधी सांगितली. जुनी बाटली, सैल बूच, न तपासलेलं द्रावण. मग दोन्ही गठ्ठे टेबलावर ठेवले. समितीतल्या त्या बाई भौतिकशास्त्राच्या आहेत, त्यांनी चष्मा बदलला आणि कागद मोजायला सुरुवात केली. मग मी त्या पाच मुलांचं सांगितलं. हेड सर म्हणाले, “हे सगळं आज? अहवालावर तुझी सही आहे. न वाचता केलीस असं तूच म्हणालीस.”

“मी तसं म्हणाले नव्हते, सर. तुम्हाला तसं वाटू दिलं. मी वाचला होता. टीप तीनदा वाचली. ती खोटी आहे हे कळलं आणि तरी सही केली.”



“मग आता तक्रार कुणाची करतेस?” सर म्हणाले.

“तक्रार नाही. माझं नाव त्यावरून काढून घ्यायचंय.” मी अर्ज दिला. दोन ओळींचा होता, सकाळपासून चार वेळा लिहिलेला.

तेव्हा तुम्ही बोललात. “तिने मला हे कागद कधीच दाखवले नाहीत,” असं तुम्ही माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात. म्हणजे कॅमेऱ्यात बघून. पडद्यावर ते डोळ्यांत बघितल्यासारखंच दिसतं. पुरावा माझ्याकडे काही नव्हता. मी म्हटलं, “दाखवले होते, मॅडम.” तुमचा पडदा काळा झाला. नेट गेलं असं नंतर कळवलंत.

पुढचं हे. कंपनीचा माणूस कोपऱ्यात बसला होता, तोपर्यंत गप्प. त्याने एक कागद उचलून विचारलं, “प्रत्येक वेळी एकच उत्तर येत होतं? ती चाचणीची आवृत्ती होती. दर वेळी वेगळं द्रावण देणं आमचं दोन दिवसांचं काम आहे. त्यामुळे मुलांचं असं होतंय हे आम्हाला कुणी कळवलंच नाही.” तो रागावला होता, आणि मला कळलं की तो खरं बोलतोय. मॅडम, दोन दिवसांचं काम होतं. तुम्ही खरं लिहिलं असतंत तर व्हर्च्युअल लॅब सुधारली असती, लॅबही राहिली असती, आणि या अहवालावर उभं राहिलेलं तुमचं केंद्र फार तर एका सत्राने पुढे ढकललं गेलं असतं. एवढ्यासाठी!

दुसऱ्या वर्षाची लॅब या सत्रापुरती राहिली. परीक्षा पुन्हा घेणार आहेत, द्रावण दुसऱ्या विभागाने बनवायचं. काकांच्या बदलीचा कागद थांबला. ते मला म्हणाले, “तीन वर्षांतले सहा महिने तरी सुटले.” माझ्या डिसेंबरबद्दल हेड सर काही बोलले नाहीत. जाताना दार मात्र माझ्यासाठी धरलं नाही. मी एका शाळेत अर्ज दिला आहे.

घरी सांगितलं. आईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “नाव काढलंस? छापलेलं?” तिला ते मी कसं समजावू ते कळेना. बाबाच म्हणाले, “भिंत ओली होती गं. रंग धरला नसता.”

संध्याकाळी तुमचा फोन आला. सहा वर्षांत पहिल्यांदा तुम्ही मला ‘बाळ’ न म्हणता नावाने हाक मारलीत. म्हणालात, “तू माझ्याशी असं वागशील असं मला वाटलं नव्हतं.” मला माफी मागावीशी वाटली, तोंडावर आली होती. मी म्हटलं, “मॅडम, तुम्ही कागद पाहिले होते की नाही, एवढंच सांगा. कुणाला सांगणार नाही.”

तुम्ही फोन ठेवलात.

मी अजून पाच मिनिटं तो कानाशी धरून बसले होते.

आज सकाळी छापखान्यातून सुधारित मुखपृष्ठाचा नमुना आला, तपासणीसाठी माझ्याकडेच, कारण विभागात अशी कामं माझ्याकडेच येतात. निळा तोच आहे. नाव आता एकच आहे. ते नीट छापलं आहे की नाही, मी दोनदा पाहून घेतलं आणि पुढे पाठवून दिलं.